सामान सांभाळणारी

टोकावडं सुटलं, गाडीच्या काचा आतून धुरकटल्या,
तेव्हाच मी सांगून टाकलं:
मी दोरीला लटकणार नाही.
ऐरोलीच्या आमच्या पतपेढीत
नाही म्हणायचं काम माझ्याचकडे असतं,
त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही.

रिसॉर्टवर हमीपत्रं आली.
जिवाचं बरंवाईट झाल्यास आम्ही जबाबदार नाही,
खाली सही.
सगळ्यांनी न वाचता ठोकल्या.
मी वाचलं. शुद्धलेखनाच्या चुका नऊ.
सही केली नाही,
नाश्त्याला मात्र पहिली गेले.

थंडी काय होती म्हणून सांगू!
डोंगराच्या पोटातून आलेली.
कप धरावा तेव्हा कळायचं
की ही बोटं आपलीच.
लग्नातली शाल सव्वीस वर्षांनी कामाला आली,
डांबरगोळ्यांचा वास आधी,
ऊब मागून.

मग एकेक जण येत गेला.
मॅडम, जरा हे धरा.
मोकळांचं पाकीट, गांगुर्डेच्या किल्ल्या,
हेमलताचं मंगळसूत्र, रुमालात गाठ मारून,
साहेबांची कवळी
(हे कुठे बोलायचं नाही),
सात मोबाइल
आणि पेडणेकरचा चष्मा.
उडायला निघालेली माणसं
आपापलं वजन माझ्या ओटीत टाकून गेली.
पावत्या तेवढ्या फाडल्या नाहीत मी.

समोर कडा.
पावसाळ्यातल्या धबधब्यांचे
आता नुसते काळे ओरखडे.
कोरड्या ओढ्यावरून दोरी पलीकडे गेलेली,
तिच्यावरून किंचाळ्या जात होत्या.
माणसं दिसत नव्हती मला, ठिपके दिसत होते.

बुधीबाई पाटी घेऊन आली.
उकडलेले करांदे, पळसाच्या पानावर,
मीठ वेगळं पुडीत.
"तू नाय उडत?"
"नाही."
"मंग खा."
गरम, पिठूळ, आणि शेवटी जिभेवर
जरासा कडू.

ती दोरीकडे पाठ करून बसली होती.
मला वाटलं, उन्हासाठी.
पण ऊन तर दोरीच्या बाजूनं येत होतं.
"माझा पोर हाय वर. दोऱ्या बांधतो.
दोन वरसं झाली.
नाय बघवत."

मी उगाच, हाताला चाळा म्हणून,
पेडणेकरचा चष्मा डोळ्यांवर चढवला
आणि डोंगर एकदम पुढे सरकला.
झाडं सुटी सुटी झाली.
कड्याला मधाची पोळी, एक दोन तीन,
एक घार, तिच्या पंखाची फाटकी कड,
आणि दोरीच्या टोकाशी
निळ्या टोपीतला पोरगा.

"टोपी निळी का?"
"म्हशाच्या जत्रंत घेतली. मीच."
"हसतोय."
ती करांदा सोलत राहिली.
"आता कोणाचा तरी पट्टा ओढून बघतोय.
परत ओढला.
अजून एकदा."
"दोनदा बघ, सांगितलं व्हतं मी."
"तो तीनदा बघतोय."
सालं पडत राहिली. मग हळूच,
"आता?"
"आता आमच्या साहेबांना ढकललं."
बुधीबाई अशी हसली
की पाटीतला एक करांदा गडगडत ओढ्याकडे गेला.

तासभर मी तिला
तिचा मुलगा वाचून दाखवला.
तिनं मान वळवली नाही.
मीही वळव म्हटलं नाही.

लाल नाकांची माणसं परत आली,
सगळी एकदम बोलत.
आपापलं ओझं उचललं प्रत्येकानं,
कवळी बिनबोभाट जागेवर गेली.
तुम्ही काय केलंत मॅडम, बसून बसून?
करांदे खाल्ले, म्हटलं.
पेडणेकर चष्मा पुसत राहिला,
याला मीठ कसं लागलं म्हणत.
डोंगर पुन्हा मागे गेला, आपल्या धुक्यात.
चार वर्षं डोळे तपासले नाहीत.
वाशीला जायला हवं.

बुधीबाईनं पैसे मोजून घेतले.
चुंबळ डोक्यावर ठेवता ठेवता म्हणाली,
"उद्या हाय का तू?"
उद्या सोमवार. पतपेढी.
नाही म्हणायला मला कधी जड जात नाही,
तिथं गेलं.

गाडी वळणाला लागली तेव्हा
वर एक निळा ठिपका होता.
मी हात केला.
प्लास्टिकचं पिंपही असेल.